वेशीच्या दरजा

२००३ च्या फेब्रुवारीत मी पिछाडीच्या वेशीच्या डागडुजीचं काम घेतलं. कोल्हापूरच्या जुन्या तटातलं आमच्या पेठेत तेवढंच शिल्लक होतं. दोन बुटके बुरूज, मधे कमान आणि डावीकडं थोडासा तट. तटाला पाठ लावून घरं उभी राहिलेली. खंदक कधीच बुजला होता, तिथं रिक्षा स्टँड होता. शाहूपुरीत माझं लहानसं ऑफिस आहे. जुन्या इमारतींची दुरुस्ती हाच माझा धंदा. दगड-चुन्याच्या बाबतीत मी भाबडी नाही.

माझे वडील, अण्णासो, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्या कमानीखालून ते जन्मात गेले नव्हते. भाजीला जायचं तरी लांबून वळसा घालायचे. मी काम घेतल्याचं सांगितलं आणि ते ताटावरून उठले.

"आमची घरं वेशीभायेर," ते म्हणाले. "बुरूज उभा ऱ्हाईना, सारखा ढासळायचा. म्हणून आमच्या घरातला माणूस जित्ता चिणला त्यात. आन् तू आता त्येला पावडर लावणार व्हय?"

अशी गोष्ट प्रत्येक किल्ल्याची असते, असं मी तेव्हा म्हणाले.

तरीही ते मनातून जाईना. कमानीवर बसवायच्या फरशीचा मजकूर आला, 'अजिंक्य शौर्याची साक्षीदार'. मी संवर्धन समितीचे अध्यक्ष हंबीरराव यांना सांगितलं, खाली एक ओळ घाला, बांधकामात जीव गेलेल्यांचं स्मरण म्हणून. नाव नको, जात नको.

ते हसले. "पुरावा काय, म्याडम? चांगल्या कामात ह्ये राजकारण कशाला आणताय?"

हे वाक्य मी शाळेपासून ऐकत आलेय. कानशिलं तापली, पण मी कामाला लागले. उद्घाटनाची तारीख ठरली होती.

त्याच आठवड्यात चुना पडायला लागला.

पिराजी गवंडी दगडांमधल्या दरजा भरत होता. सगळीकडं चुना नीट धरला. फक्त डाव्या बुरजावर, कमरेच्या उंचीला, भरलेली दरज दुसऱ्या दिवशी मोकळी. मी म्हटलं, चुना नीट भिजला नसेल. घाणीवर दळलेला नवा चुना आणला. तोही पडला. मग वाटलं, आत ओल असेल. पण ओलीनं सुटलेला चुना भिंतीच्या पायाशीच पडतो. हे गोळे चांगले हातभर लांब पडलेले होते.

"ताई, कुणीतरी ढकलतंय बगा," पिराजी म्हणाला.

"रिक्षावाली पोरं असतील," मी म्हणाले.

दुपारी त्याला जेवायला पाठवलं आणि ती दरज मी स्वतः भरली. थापी फिरवून गुळगुळीत केली. समोरच्या कट्ट्यावर डबा उघडून बसले. रणरणतं ऊन. स्टँडवर कुणाचा तरी रेडिओ चालू. भिंतीजवळ चिटपाखरू नव्हतं.

चुना फुगला.

आधी एक उंचवटा आला. त्याला लागून दुसरा, तिसरा, चौथा. मग जरा खाली, वेगळा, पाचवा. सगळे सावकाश पुढं येत गेले आणि गोळा सुटून हातभर पुढं पडला. मी उठून तो उलटा करून पाहिला. आतल्या बाजूला बोटं उमटली होती. बोटांवरच्या रेषासुद्धा.

भीती नंतर आली. आधी आला तो संताप. पुरावा काय, म्हणे!

बुरूज उघडतेय, असा मी हंबीररावांना फोन केला आणि अण्णांना आणायला रिक्षा पाठवली. हंबीरराव आले ते ओरडतच.

"उद्या उद्घाटनाला पावणं येणार आन् तुम्ही बुरूज फोडताय? ह्ये चालायचं न्हाय!"

"पुरावा मागितला होता तुम्ही. बघून जा."

जेवून परतलेला पिराजी पहार हातात घेऊन नुसता उभा होता. मी ती हिसकावून घेतली. दरज मोकळीच होती. चौथ्या-पाचव्या दणक्याला दगड हलला. पिराजीनं दुसरीकडून हात लावला आणि आम्ही तो बाहेर ओढला.

आत पोकळी होती. गुडघे पोटाशी घेऊन एक माणूस बसेल एवढी.

रिकामी.

हाड नाही, चिंधी नाही. ओल्या चुन्याचा वास मात्र येत होता. मी बॅटरी मारली. आतला चुना तिन्ही बाजूंनी बोटांनी ओरबाडलेला, आणि ओरखड्यांतून अजून पाणी झिरपत होतं.

हंबीररावांनी वाकून पाहिलं. चेहरा उतरला, पण आवाज तोच.

"कुठं हाय तुमचा माणूस? मोकळं हाय की! दगड बसवा जाग्यावर."

"मी न्हाय बसवणार," पिराजी म्हणाला.

अण्णा केव्हा येऊन उभे राहिले ते मला कळलं नाही. त्यांनी शर्टाची बाही वर केली आणि हात पोकळीत घातला. बराच वेळ तसाच ठेवला. बाहेर काढला तेव्हा मनगटापर्यंत पांढरा झाला होता. त्यांनी तो पुसला नाही.

"मोकळं हाय," ते हंबीररावांना म्हणाले. "म्हंजे भायेर आलाय की त्यो."

हंबीरराव मागं सरकले. मग मागं न बघता गाडीकडं चालू लागले. मला हाका मारून त्यांना थांबवायचं होतं, त्यांची मान धरून त्या भोकात घालायची होती.

तेवढ्यात कुणीतरी हळूच माझा दंड धरला. तटाला लागून राहणाऱ्या नजीराभाभी. त्यांच्या स्वयंपाकघराची मागची भिंत म्हणजे तटच.

"ताई, जरा घरात येता? कुणाला बोलू नका."

मी गेले. घरात लग्न होतं, म्हणून सकाळीच त्या भिंतीला चुन्याचा गिलावा केला होता. अजून ओला होता.

"कितीबी लावा, पडतंयच," त्या म्हणाल्या. "माझी सास बी रोज झाडायची. आम्ही म्हणायचो, ओल हाय."

त्यांनी चुलीमागं बोट दाखवलं, पार खाली, जमिनीलगत. मी वाकले.

गिलाव्यावर चार उंचवटे आले होते. माझ्या करंगळीच्या टोकाहून बारीक, लहान पोराच्या बोटांएवढे. आम्ही दोघी बघत असतानाच, जरा खाली, पाचवा वर यायला लागला.