सायलीचं तिकीट

नातवाला मेलबर्नहून नाशिकला आणायचं, एवढंच काम होतं. तुम्ही म्हणाल, त्यात सांगण्यासारखं काय? मीही तेच म्हणत होते. उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून गेली माझी. नाशिक-कसारा, नाशिक-येवला, कधीमधी नांदगाव. एका काखेत तान्हं, दुसऱ्या हातात पिशवी आणि पास दातांत धरलेला, अशा किती बायकांना मी दंडाला धरून वर ओढलंय. विमान म्हणजे तरी काय, जरा लांबची गाडी. पोरगं मांडीवर घ्यायचं आणि बसून राहायचं.

फक्त ते पोरगं माझ्या मांडीवर असायला नको होतं. सायलीच्या असायला हवं होतं.

सायली माझी एकुलती एक लेक. तिच्या बाळंतपणाला मी तिकडे गेले, ती ओवा, बाळंतशेपा, हळीव असं सगळं बांधून. तिथल्या विमानतळावर बी-बियाणं चालत नाही म्हणून त्यांनी ते काढून घेतलं आणि डोळ्यांदेखत कचऱ्यात टाकलं. मी भांडले, पण माझं मराठी त्यांना कळेना आणि त्यांचं इंग्रजी मला. बाळ आठवड्याचं झालं आणि सायलीच्या अंगावरून एकाएकी रक्त जायला लागलं. दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. माणसं जातात, कबूल आहे. पण माझी लेक शेक-धुरीवाचून गेली, हे मला आजही सलतं.

तिकिटं त्याआधीच काढलेली होती. योगेशनं, म्हणजे माझ्या जावयानं, ऑफिसच्या कामानं हिंडून हिंडून जमवलेले सगळे पॉइंट्स त्यात घातले आणि बिझनेस क्लास घेतला. "आई, बाळंतीण आहे. तिला पाय सोडून झोपता आलं पाहिजे," असं म्हणाला होता. मी आणि सायली शेजारीशेजारी, समोर बाळाचा पाळणा. नाशिकला जाऊन बारसं करायचं ठरलेलं. ती गेल्यावर माझं तिकीट तेवढं कामाचं राहिलं. सायलीचं रद्द करायला योगेश दोनदा कॉम्प्युटरपुढे बसला आणि दोन्ही वेळा उठून गेला. मग मीच म्हटलं, असू दे रे बाबा.

नोकरी-घर आवरून तो महिन्याभरानं येणार होता. बाळाचा पासपोर्ट आला तशी मी निघाले. योगेश सामान घेऊन खाली गेला, मी बाळाला पोटाशी धरून दार ओढलं. गाडी सुटायच्या आधी आम्ही कंडक्टर मागे वळून एकदा हाळी देतो. कुणी चहाला उतरलेलं असतं, कुणी पाण्याला. ती सवय घरीही होती. सायली पहिल्यापासून रेंगाळी, दर वेळी तिला दारातून हाक मारावी लागायची. तशीच त्या रिकाम्या घराकडे तोंड करून मी म्हणून गेले, "राहिलं का कुणी? चल गं सायले, निघायचंय."

जीभ चावली मी. पण तोंडातून गेलं ते गेलं.

विमानात आमची जागा अगदी पुढे, भिंतीपाशी. सीट कसली, दिवाणच तो. बटण दाबलं की पाय वर, पाठ खाली. एक पोरगी गरम टॉवेल घेऊन आली. छातीवर पल्लवी असं नाव. मराठी बोलते म्हटल्यावर मी विचारलंच, कुठली गं तू? इगतपुरीची निघाली, वडील रेल्वेत. मला बरं वाटलं. तिनं भिंतीला पाळणा अडकवून दिला आणि हळूच विचारलं, "काकू, बाळाची आई?"

"नाही," म्हटलं.

बाळ बाटली घेईना. घरी घेत होतं, पण विमान उडाल्यापासून तोंड फिरवून घ्यायचं. रडतही नव्हतं. पाळण्यात पडून शेजारच्या रिकाम्या सीटकडे टक लावून बघत होतं. जेवणं झाल्यावर त्यांनी खिडक्या काळ्या केल्या. बाहेर लख्ख ऊन होतं, सगळा प्रवास उजेडातलाच होता, पण आत त्यांनी रात्र केली. मिणमिणता निळा दिवा, इंजिनाची एकसुरी घरघर आणि पांघरुणं ओढून आडवी झालेली माणसं.

एक सांगायला हवं. इतकी वर्षं गाडीत काढल्यावर पाठमोरी उभी असले तरी मागची सीट भरलेली की रिकामी, ते मला कळतं. कसं, ते विचारू नका. त्या अंधारात मी समोर बघत बसले होते, आणि मला कळलं की शेजारची सीट भरलेली आहे.

मी मान वळवली नाही. आधी वास आला. ओवा आणि बाळंतशेपा निखाऱ्यावर टाकल्यावर येतो, तो उबदार, तिखट वास. विमानात! पल्लवी आणि तिच्याबरोबरचा एक जण वाकून वाकून सीटांखाली बघायला लागले.

"काकू, काही जळतंय का इथे? तुम्हालाही वास येतोय ना?"

"येतोय," मी म्हटलं.

"कसला आहे?"

त्यांनी कपाटं उघडली, बाथरूम बघितलं, माझी पिशवीसुद्धा हुंगली. काही सापडलं नाही, आणि वास हळूहळू कमी झाला. मला मात्र रडू फुटलं. लेकीची धुरी राहिली होती, ती कुणीतरी दिली असं वाटलं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला भीती नव्हती. आनंद झाला होता. रडता रडता माझा डोळा लागला.

जाग आली ती गारठ्यानं. पाळणा रिकामा होता.

वळून बघते तर शेजारची सीट पूर्ण आडवी झालेली, आणि बाळ त्या सीटवर कुशीवर निजलेलं. अंगावर पांघरूण, पाठीशी नीट खोचलेलं, पडू नये म्हणून आया खोचतात तसं. आणि बाळ दूध पीत होतं. गाल आत-बाहेर होत होते, घुटके घेतल्याचा आवाज येत होता. समोर काहीच नव्हतं. इवली मूठ हवेत कशालातरी घट्ट धरून होती.

मी त्याला उचलायला गेले. उचललं जाईना.

म्हणजे जड नव्हतं ते. पलीकडून कुणी धरलेलं होतं. मी थोडं ओढलं, तसं तिकडूनही ओढलं गेलं. अंग बर्फासारखं गार. ओठ निळसर.

मी वाकले. "सायले... सोड गं... गार पडलंय ते..."

पकड सुटली नाही.

"माझं ऐक... सोड, बाळा..."

आणि तिनं सोडलं. लहानपणीही तशीच होती, दुसऱ्यांदा सांगितलं की ऐकायची. बाळ माझ्या हातात आलं. त्याच्या ओठांच्या कडेला दुधाचा थेंब होता. मी तो पदरानं पुसला, त्याला उराशी आवळलं आणि चोळत बसले. ते रडलं नाही. पोट टम्म होतं, आणि अंगात ऊब काही येईना.

उतरायची वेळ झाली तेव्हा पल्लवी सीटा सरळ करत आली. शेजारच्या सीटचं बटण तिनं दाबलं. सीट जरा उठली आणि पुन्हा खाली गेली. तिनं पाठीला हात लावून वर ढकलून पाहिली. मग माझ्याकडे बघितलं. चेहरा पांढराफटक पडला होता तिचा.

"काकू... ही सीट रिकामी आहे ना?"

"हो."

"वर येत नाहीये... कुणी झोपलं असलं की जसं..."

"राहू दे गं, पोरी," मी म्हटलं. "तिच्यासाठीच काढली होती."

मुंबईला माझा धाकटा भाऊ वाल्मीक गाडी घेऊन आला होता. येवल्याजवळ त्याचा कांद्याचा व्यापार आहे, माणूस रांगडा, पण भाचीवर जीव होता त्याचा. बाळाला हातात घेतलं आणि त्याचा चेहराच उतरला. "ताई, पोरगं लय गार हाय गं." विमानतळावरच्या डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, सगळं ठीक आहे, झोपलंय, घरी जा.

गाडीत मागे मी बाळाला घेऊन एका कडेला बसले. दुसरी कड रिकामी होती. म्हणजे दिसायला रिकामी होती. शहापूर गेलं तरी बाळानं डोळे उघडले नाहीत. श्वास आहे की नाही हे बघायला मी सारखा नाकापाशी हात नेत होते. शेवटी मी वाल्मीकला सगळं सांगितलं. सीट, वास, दूध. तो आरशातून मागे बघत राहिला.

कसारा घाटात श्रावणातलं धुकं भरलं होतं. दिवस मावळला नव्हता, तरी दिवे लावावे लागत होते. एका वळणावर त्यानं गाडी बाजूला घेतली.

"ताई, निघताना तिला हाक मारलीस का?"

मी "हो" म्हणून मान हलवली. गेलेल्या माणसाला हाक मारू नये, ते मागोमाग येतं म्हणतात.

त्यानं पुढच्या खणातून कागदाचा पुडा काढला. मोहरी होती. आमच्याकडे बाळंतपणात बाई गेली की तिला पोचवून येताना वाटेनं मोहरी टाकतात. तिला पोराची ओढ असते, ती मागे येते. पण वाटेतला दाणा दाणा वेचल्याशिवाय तिला पुढे येता येत नाही. एरवी माझ्यासमोर हे कुणी बोललं असतं तर मी त्याला झापलं असतं.

"तिकडं परदेशात कुणी टाकली नसंल," वाल्मीक म्हणाला. "म्हणून मी घेऊनच आलो व्हतो. तुला कसं सांगावं, कळंना."

"अरे, माझी पोरगी आहे ती. कुत्र्याला हाकलतात तशी हाकलू तिला?"

"ताई, तिचं दूध प्यालेलं पोर ऱ्हात नाय. ती वाईट नाय गं, तिला कळत नाय... आत्ता टाकली नाय तर घरापोतर हे पोरगं..."

मी बाळाकडे बघितलं. पापण्यांखाली निळं उतरलं होतं. माझ्या डावीकडे, त्या दिसायला रिकाम्या जागेत, कुणीतरी माझं बोलणं ऐकत बसलं होतं. तिच्याकडे न बघता मी काच खाली केली.

"सायले, मला माफ कर," म्हटलं आणि पहिली मूठ बाहेर टाकली.

डावीकडची सीट रिकामी झाली. आणि त्याच क्षणी बाळानं टाहो फोडला. अंग लालबुंद झालं, हातपाय झाडायला लागलं. वाल्मीक गाडी चालवत होता आणि हुंदके देत होता. मी एका हातानं बाळाच्या तोंडात बाटली धरली होती आणि दुसऱ्या हातानं मोहरी टाकत होते. इगतपुरी, घोटी, वाडीवऱ्हे. मागे वळून बघायचं नसतं, मी बघितलं नाही. विल्होळीला पुडा संपला. बाळानं बाटली संपवली होती.

बारसं झालं. योगेश आला, इथंच राहिला. बाळ बाळसं धरून आहे, रांगतं, खिदळतं. सगळं छान आहे. लोक म्हणतात, उज्वलाताई, नातवानं तुम्हाला सावरलं. मी हसते. पोराला जगवायला मी माझ्या लेकीला भर घाटात, धुक्यात, गाडीतून उतरवून दिलं, हे कुणाला सांगू?

नवनाथ म्हणून आमचा जुना ड्रायव्हर आहे, अजून कसाऱ्याच्या गाडीवर असतो. दिवाळीत फराळाला आला होता. सहज बोलता बोलता म्हणाला, घाटात हल्ली एक बाई दिसते, वेडी असावी. मोकळे केस, अंगात दवाखान्याचा असतो तसला निळा झगा, रस्त्याच्या कडेला वाकून काहीतरी वेचत असते. माझ्या हातातली बशी पडली. सायलीच्या अंगात शेवटी काय होतं, हे नाशिकमध्ये मी आणि योगेश सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं.

नंतर तो भेटला तेव्हा म्हणाला, आता घोटीला असते. संक्रांतीला वाडीवऱ्हे. भर दुपारी, गाड्यांच्या मधून, मान खाली घालून वेचतच असते म्हणे. "दया येते ओ ताई. हॉर्न वाजवला तरी वर बघत नाय."

परवा त्याचा फोन आला. विल्होळीपाशी दिसली. वेचत नव्हती. सरळ उभी होती आणि नाशिककडे बघत होती.

वाल्मीक काल येऊन मोहरीचा दुसरा पुडा देऊन गेला. विल्होळीपासून दारापर्यंत टाक म्हणाला, आजच्या आज. सकाळी त्याचा फोन आला, "टाकली का, ताई?" मी टाकली म्हणून सांगितलं. पुडा तसाच ओट्यावर आहे, दोराही सोडलेला नाही. दोनदा चप्पल घातली आणि दोनदा काढली. घाटात जे हातून झालं, ते पुन्हा होत नाहीये.

तुम्ही येऊन बसलात तेव्हापासून मी बघते आहे. बाळ माझ्या मांडीवर आहे, पण माझ्याकडे बघत नाही. दाराकडे हात पसरून हसतंय.