भट्टीवरचं पोतं

"एक तरी फुटला का?" ढब्बूने विचारलं.

आत्याच्या कढईत मक्याचे निळे, लाल, जांभळे दाणे नुसतेच करपत होते. सिनेमागृहाच्या कॅन्टीनचा मॅनेजर घड्याळाकडे बघत होता.

"बाई, मका दिसतो सुरेख. पण माझी गिऱ्हाइकं मका बघायला येत नाहीत, लाह्या खायला येतात. आठ दिवसांनी येतो, तेव्हाही नाही फुटल्या तर राहू दे."

काका पोट धरून हसले. "बारा वर्षं खपून हिने खडे पिकवले!"

दरवर्षी कणसं निवडून निवडून आत्याने हे रंग टिकवले होते. पुढच्या पेरणीचं बीसुद्धा याच एका पोत्यात होतं.

सुट्टीला आलेल्या ताई आणि ढब्बूला काकांचा भयंकर राग आला. दाणे का फुटत नाहीत ते शोधायला दोघांनी पोतं उलटं केलं. बुडाला पांढरी पूड होती.

"चाटून बघ," ताई म्हणाली.

"मीच का?"

"नाहीतरी तू काहीही चाटतोस."

ढब्बूने बोट चाटलं. "मैदा आहे."

मैदा म्हणजे काकांची बेकरी. बिस्किटांच्या निमित्ताने दोघं आत घुसले. भट्टीवरच्या फळीवर चार निळे दाणे पडले होते. ते उचलताना ताईचा हात चांगलाच पोळला.

"पोतं आठवडाभर इथेच होतं," कारागीर म्हणाला. "घरात मालकांच्या नव्या मोटरसायकलला जागा हवी होती ना."

दोघांनी धावत जाऊन आत्याला सांगितलं. "दाण्यातल्या ओलीची वाफ होते, तेव्हा तो फुटतो," ताई म्हणाली. "काकांनी ओलच उडवली."

त्यांनी दाणे बरण्यांत भरले, प्रत्येकीत चमचाभर पाणी घातलं आणि सकाळ-संध्याकाळ हलवत राहिले. आठव्या दिवशी लाह्या फुटून कढईवरचं झाकणच उडालं. मॅनेजरने सगळा मका घ्यायचं कबूल केलं. ताईने भट्टीची हकीकत मुद्दाम मोठ्याने सांगितली. काकांचा पडलेला चेहरा बघून दोघांना फार बरं वाटलं.

"शाब्बास रे पोरांनो," मॅनेजर म्हणाला.

आत्यानेही दोघांच्या पाठीवरून हात फिरवला. मग तिने कोनाड्यातली ताटली आणून ओलं फडकं उलगडलं. आत चाळीस दाणे होते.

"तुम्ही सांगितलंत त्याच दिवशी ठेवले होते. एकालाही मोड नाही. भाजून मेलंय बी."

"दुसरं आणू की," काका म्हणाले. "त्यात काय एवढं?"

आत्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिने लाह्यांची परात मुलांपुढे सरकवली. "तुमच्यामुळे निदान कळलं तरी. खा पोटभर. या पुन्हा मिळायच्या नाहीत."

मुलांचा हात पुढे होईना. काकांनी मात्र ओंजळ भरून घेतली.

"चव आहे हं," ते म्हणाले.