समन्स घेणारी बाई

मुलगी शाळेतून गेली होती, आणि शाळेने ती रीतसर, सही घेऊन, बापाच्या हाती दिली होती.

आई साडेबाराला फाटकाशी पोहोचली तेव्हा पहिलीचा वर्ग रिकामा झाला होता. मुख्याध्यापिकांनी तिला आत बसवलं, पंखा लावला आणि एक कागद पुढे सरकवला. कुटुंब न्यायालयाचा हुकूम होता. घटस्फोट मंजूर, मुलीचा ताबा वडिलांकडे.

"माझा घटस्फोट झालाय?" तिने विचारलं. "कधी?"

मुख्याध्यापिकांनी तारीख वाचून दाखवली. हुकमाला दोन आठवडे झाले होते.

त्याच दुपारी कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावर अधीक्षकांनी पत्तेवाल्यांना बोलावून घेतलं.

कोर्टात पट्टेवाले पुष्कळ होते, पत्तेवाला हा एकच. एकतीस वर्षं बेलीफ म्हणून घरोघरी समन्स पोचवणाऱ्या या माणसाला अख्खं शहर दारांवरून पाठ होतं. निवृत्तीला चार महिने उरले होते. इतक्या वर्षांत त्यांच्या एकाही अहवालावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

"या बाई एका लॅबमध्ये रक्त तपासतात," अधीक्षक म्हणाले. "नवऱ्याने अर्ज केला, समन्स निघालं, त्या कोर्टात आल्या नाहीत, म्हणून हुकूम एकतर्फी झाला. त्या म्हणतात, समन्स मिळालंच नाही. तुमचा अहवाल म्हणतो, त्यांच्या हातात दिलं."

पत्तेवाल्यांनी समोरच्या खुर्चीवरच्या बाईकडे पाहिलं. तिशीतली, डोळे सुजलेले, कोटाच्या खिशाला अजून लॅबचा बिल्ला.

"आपण बोललोय का कधी?" त्यांनी विचारलं.

"काका, मी तुम्हाला आज पहिल्यांदा बघतेय."

पत्तेवाल्यांनी पिशवीतून डायरी काढली. प्रत्येक घराबद्दल दोन ओळी लिहून ठेवायची त्यांची सवय होती. सात महिन्यांमागचं पान सापडलं आणि ते वाचू लागले.

"गुरुवार, सकाळी अकरा वीस. तिसरा मजला, हिरवं दार. बाईने साखळी न काढता उघडलं, चेहरा धड दिसला नाही. नाव विचारल्यावर न अडखळता सांगितलं. पेन शोधायला तीन खण उघडले, मिळालं नाही, माझं दिलं. पाकीट बंदच असताना विचारलं, मुलीचा ताबा कुणाकडे जाणार, लिहिलंय का यात? सही केली."

"गुरुवारी अकराला मी लॅबमध्येच असते," बाई म्हणाली. "सातला यंत्रावर अंगठा, तीनला पुन्हा अंगठा. हजेरी काढून बघा."

"मग तुम्ही अकरालाच का गेलात?" अधीक्षकांनी बेलीफला विचारलं.

"नवऱ्याच्या अर्जात तशी टीप होती. बायको अकरा ते बारा घरी असते."

"ओळखपत्र बघितलंत?"

पत्तेवाल्यांनी डायरी मिटली. "नाही मागितलं."



अधीक्षकांनी पोचपावती बाईपुढे ठेवली. तिने सही पाहिली आणि तिचा हात तोंडावर गेला.

"ही माझीच आहे. म्हणजे होती. लग्नाआधी मी अशी सही करायचे, शेवटच्या अक्षराची शेपटी अख्ख्या नावाखालून ओढून. बँकवाल्यांनी एकदा फार छळलं, तेव्हापासून सोडली. आठ वर्षं झाली."

"घराच्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत?"

"नवऱ्याने वर्षापूर्वी घर सोडलं, तेव्हा त्याची माझ्या हातात ठेवून गेला. सासूबाईंकडे एक आहे. तळमजल्यावरच्या काकूंकडे एक. आणि माझ्या ताईकडे. पण ताईचं सोडा. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, आता माझ्या मुंगीलाही तीच सांभाळते. रोज शाळेतून तीच आणते. आज तिला बरं नव्हतं म्हणून मी अर्धी सुट्टी टाकून गेले."

मुंगी म्हणजे तिची सहा वर्षांची मुलगी. एका जागी बसत नाही म्हणून पडलेलं नाव.

हुकूम रद्द करण्याच्या अर्जावर आठ दिवसांनी सुनावणी लागली. "तोवर त्या दारातली बाई शोधा," अधीक्षक म्हणाले. "नाहीतर खोटा अहवाल दिल्याबद्दल मला तुमच्यावर कारवाईचा कागद करावा लागेल."

पत्तेवाले आधी तळमजल्यावर गेले. काकूंनी किल्ली खिळ्यावरून काढून दाखवली. तिच्यावर धूळ होती.

"गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मी वर गेलेच नाही," काकू म्हणाल्या. "जायचंच तर दोघांना उचलून न्यावं लागेल. एक तरी मिळतो का बघा, अर्ध्या जिन्यापर्यंत जाऊ."

"सकाळी त्या घरात कोण असतं?"

"कुणी नाही. पोर शाळेतून परस्पर मावशीकडे जाते, चारला आई तिला घेऊन येते."

सासूबाईंनी त्यांना दारातच उभं केलं.

"मी सुनेची सही करू? मला माझीच दोनदा सारखी येत नाही. मुलाचं चुकलं असेल, पण माझ्यावर घालू नका."

"त्यांच्या घरात पेन कुठे असतात, ठाऊक आहे?"

"हा काय प्रश्न झाला? फ्रिजवरच्या निळ्या डब्यात. डबा मीच आणून दिलाय. पोरगी खणातली पेनं काढून भिंती रंगवायची."

संध्याकाळी ते हुकूम रद्द करायचा अर्ज करणाऱ्या वकीलबाईंकडे गेले. लॅबमधली बाई तिथेच होती, समोरचा चहा गार झालेला.

"मला एकच कळत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "वर्षभरात या नवऱ्याने मुलीला चारदा पाहिलं. एकाएकी ताबा कशाला हवा?"

"तिच्या नावावर काही आहे?" पत्तेवाल्यांनी विचारलं.

"बाबांचं घर," बाई म्हणाली. "बाबा मागच्या वर्षी गेले. मृत्युपत्रात घर मुंगीला दिलंय. ती सज्ञान होईपर्यंत, तिचा ताबा ज्याच्याकडे, घराचा कारभार त्याच्याकडे."

"घरात राहतं कोण?"

"ताई. पहिल्यापासून तिथेच. बाबा बारा वर्षं अंथरुणाला होते, तिनेच केलं सगळं."

"आणि मृत्युपत्रात ताईंना काय?"

बाईने गोंधळून पाहिलं. "ताईला? ताईला मी आहेच की."

दुसऱ्या दिवशी पत्तेवाले शाळेत गेले. मुलांना कोण घेऊन जातं याची वही त्यांनी मागितली, थोडी पानं उलटली, एका पानाची झेरॉक्स घेतली. तिथून ते बाबांच्या घरी निघाले.

बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अंगणात अजून दहाबारा जुन्या पाट्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. दारावर त्यांचं स्वतःचं नाव होतं, ठसठशीत अक्षरात. शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळून सगळ्या नावाखालून गेली होती.

"सुंदर अक्षर," पत्तेवाले म्हणाले.

"बाबांचं," ताई म्हणाली. चाळिशीची, शांत. तिने पाणी आणून दिलं. "आम्हा दोघींना मांडीवर घेऊन गिरवून घ्यायचे."

"बहिणीशी बोलणं झालं?"

"फोनवर नुसती रडते. शब्द फुटत नाही तिला."

"मी बेलीफ. सात महिन्यांपूर्वी तिच्या नावाचं समन्स मी दिलं, ते कुणीतरी दुसरीनेच घेतलं. तुमच्याकडे किल्ली आहे, म्हणून विचारायला आलो."

"असते माझ्याकडे, अडीअडचणीला. पण गुरुवारी सकाळी मी बाहेर पडत नाही. पाण्याचा दिवस असतो, टाकी भरायची असते."

पत्तेवाले हळूहळू पाणी प्यायले. आतल्या खोलीच्या भिंतीवर पेन्सिलीने लांबीरुंदीचे आकडे लिहिलेले त्यांना दिसले.

"हे काय?"

"घर मोजून गेले कुणीतरी."

"कोण?"

"धाकटीने आणले होते," ताई म्हणाली आणि रिकामा पेला उचलून आत गेली.

सुनावणीच्या सकाळी न्यायाधीशांसमोर जाण्याआधी सगळ्यांना समुपदेशनाच्या खोलीत बसवलं होतं. कोपऱ्यात खेळण्यांची पेटी होती. टेबलाच्या एका बाजूला दोघी बहिणी, दुसऱ्या बाजूला नवरा, मध्ये वकीलबाई आणि अधीक्षक. ताईने धाकटीचा हात धरून ठेवला होता.

"बेलीफने समन्स दिलं, विषय संपला," नवरा म्हणाला. "कुणी घेतलं ते मला काय माहीत?"

"तुम्हालाच माहीत होतं," पत्तेवाले उभं राहून म्हणाले. "बायको सात ते तीन लॅबमध्ये असते, हे सात वर्षं एका घरात राहिलेल्या माणसाला ठाऊक नसेल? तरी अर्जात तुम्ही लिहिलंत, अकरा ते बारा घरी असते. त्या वेळात त्या दारामागे कुणीतरी तयार असणार होतं म्हणून. आणि ती बाई सगळं माहीत असूनच उभी होती. पाकीट फोडायच्या आधी तिने मला ताब्याचं विचारलं."

"कोण ती?" वकीलबाईंनी विचारलं.

"किल्ल्या तिघींकडे. काकूंना जिना चढवत नाही. सासूबाईंना पेन कुठे असतं ते पक्कं माहीत आहे, त्यांनी तीन खण उघडले नसते. शिवाय आठ वर्षांपूर्वी सोडलेली सही सासरच्या माणसाला कुठून येणार? ती सही माहेरची आहे. एकाच बापाच्या मांडीवर बसून दोघींनी गिरवलेली."

धाकटी हसली. खरोखर हसली, चुकीचं काहीतरी ऐकल्यासारखी. "काका, काहीतरीच काय बोलता?"

पत्तेवाल्यांनी शाळेची झेरॉक्स आणि पोचपावती शेजारी शेजारी ठेवली. शाळेच्या वहीत ताईने स्वतःच्या नावाने रोज सही केली होती. नावं वेगळी, शेपटी तीच. तीच जाडी, तोच वळसा.

"मी ताईंना एवढंच म्हटलं, सात महिन्यांपूर्वी," ते धाकटीला म्हणाले. "वार सांगितला नव्हता, आणि तुम्हीही फोनवर काही सांगू शकला नव्हतात. गुरुवार त्यांनी स्वतः काढला, तोही सकाळचा. आणि नवरा मुलीला न्यायला आला, नेमकं त्याच दिवशी त्यांना बरं नव्हतं."

ताईच्या हातातून धाकटीने आपला हात काढून घेतला.

"ताई, नाही म्हण."

ताईने नाही म्हटलं नाही.

"नाही म्हण ना गं!"

"तू घर मोजायला माणसं आणलीस," ताई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी आत होते. तू त्यांना म्हणालीस, विकायला कोर्टाची परवानगी मिळेल, मुलीच्या शिक्षणाचं कारण देऊ. त्यांनी विचारलं, आत कुणी राहतं का. तू म्हणालीस, तसं कुणी नाही."

"मी तुला माझ्याकडे नेणार होते!"

"विचारलंस मला? बारा वर्षं मी त्या घरात बाबांची कूस बदलली. बाबांनी मृत्युपत्रात माझं नावसुद्धा घातलं नाही. आणि तू म्हणालीस, कुणी नाही." तिने नवऱ्याकडे बोट केलं. "हा म्हणाला, कारभार माझ्याकडे आला तर तुम्ही मरेपर्यंत राहा. मुंगी रोज तुमच्याकडेच येईल. कागद आला की घ्या, बाकी मी बघतो."

"आणि आली मुंगी?" पत्तेवाल्यांनी विचारलं.

"आठ दिवसांत एकदाही नाही. परवा तो आला, त्याच माणसांना घेऊन. घर पुन्हा मोजून गेले."

नवरा उठला. "हे सगळं तोंडी आहे. पुरावा काय?"

"बसा," अधीक्षक म्हणाले. "पुरावा टेबलावर आहे. आणि साक्षीदार समोर बसलीय."

धाकटी कुणाकडेच बघत नव्हती. "त्याने फसवलं असतं तर मी पचवलं असतं," ती म्हणाली. "त्याच्याकडून मी काही धरूनच नव्हते. पण ताई, मी शाळेच्या फाटकातून पहिला फोन तुला केला. मुंगी नाहीये म्हणून ओरडत होते. तू म्हणालीस, घाबरू नकोस, मी आहे."

ताईने पहिल्यांदा मान खाली घातली.

न्यायाधीशांनी दुपारी एकतर्फी हुकूम रद्द केला. निकाल होईपर्यंत मुलीचा ताबा आईकडे, घर विकायला मनाई. नवरा आणि ताई, दोघांवर कोर्टाची फसवणूक केल्याबद्दल कारवाई सुरू करायचा आदेश झाला. ताईने सगळं लिहून दिलं होतं.

पत्तेवाल्यांनीही आपला जबाब दिला. ओळखपत्र न बघता आपण समन्स दिलं, दोष आपला, असं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. अधीक्षकांनी तो दोनदा वाचला. "तुमची चार महिन्यांची नोकरी यात जाऊ शकते."

"त्या पोरीचे आठ दिवस गेलेच की," पत्तेवाले म्हणाले आणि खाली आले.

कोर्टाच्या पायऱ्यांवर दोघी बहिणी उभ्या होत्या, मध्ये चार माणसं मावतील एवढं अंतर ठेवून. नवऱ्याची आई मुंगीला समोरच्या बाकावर घेऊन बसली होती.

धाकटी पायऱ्या उतरू लागली, तशी ताई म्हणाली, "दुपारी झोपताना ती उंटाची गोष्ट मागेल."

धाकटी थांबली. मागे न वळता तिने विचारलं, "कोणता उंट?"

"दुपारीच सांगते मी. शेवटी उंट घरी परत येत नाही, असं सांग. येतो म्हटलंस की झोपत नाही, पुढे काय झालं विचारत बसते."

धाकटी आणखी एक पायरी उतरली. मग म्हणाली, "सांग."

ताईने उभ्याउभ्याच गोष्ट सांगितली, पहिल्यापासून, मुंगी मध्ये विचारते त्या प्रश्नांसकट. धाकटीने पाठ तशीच ठेवून ती शेवटपर्यंत ऐकली. मग ती मुलीला घ्यायला गेली.