अपेक्षामापक

दृष्टिविज्ञानाच्या प्रयोगशाळेत त्या सकाळी कुलगुरू तळवलकर स्वतः आले होते, आणि ते काही चहाला आले नव्हते. विज्ञानाच्या मुलांना चित्रकला कशासाठी, हे आज पटवून द्यायचं. नाहीतर इरावती मोहरीरांचा विषय पुढच्या सत्रापासून बंद. इरावतीबाई निर्धास्त होत्या. आपल्या शिकवण्याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

मेंदूशास्त्राचे डॉ. फारूक बागवान यांनी एका विद्यार्थ्याच्या डोक्यावर तारांची जाळी बसवली. तिचं नाव त्यांनी अपेक्षामापक ठेवलं होतं.

"सर, आपल्याला वाटतं डोळे बघतात," ते कुलगुरूंना म्हणाले. "पण मेंदू आधीच अंदाज बांधून बसलेला असतो. गोष्ट जितकी पाठ, तितका अंदाज जास्त आणि बघणं कमी. अंदाज शंभरात किती, ते हा आकडा सांगतो."

सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा होता. अकरावीपासून सगळे तो काढतात: विटांसारख्या पेशी, टोकदार पेन्सिल, छायांकन नाही. चित्रकला न घेतलेल्या त्या मुलाने पुस्तकातली आकृती जशीच्या तशी उतरवली. आकडा ऐंशीवर गेला. मग इरावतीबाईंची विद्यार्थिनी देवकी लोखंडे बसली. आकडा विसाच्या वर सरकला नाही.

"वा!" कुलगुरू म्हणाले.

बाईंनी मात्र देवकीचा कागद उचलला आणि त्यांचं डोकंच फिरलं. "ही पेशी दुमडलीय कशी? आणि इथली भिंत कुठं गेली? घाई करू नको म्हणून किती वेळा सांगायचं गं तुला?"

"बाई, तिथं तसंच आहे."

"मला शिकवतेस?" बाईंनी भिंगाला डोळा लावला. दरवर्षीसारख्या विटांच्या सरळ ओळी. "सरळ तर आहे सगळं!"

बागवान चाचरले. "बाई, एकदा जाळी घालून बघता?"

आकडा शहाण्णववर जाऊन थांबला. बागवानांनी तेवढीच एक पेशी मोठी करून पडद्यावर आणली. दुमडलेली होती. शेजारची भिंत खरंच नव्हती.

इरावतीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. यंत्र बिघडलंय म्हटलं असतं, तर बागवानांनी मैत्रीखातर मानही डोलावली असती. पण पोरगी खरं बोलली होती.

"देवकी, तुझं बरोबर आहे. चूक माझी," त्या म्हणाल्या.

कुलगुरूंनी चष्मा काढला. "म्हणजे विषय उपयोगाचा आहे, पण शिकवणाऱ्यालाच दिसत नाही. मग तो चालवायचा कुणी?"

बाई म्हणाल्या, "ज्याला तो येत नाही त्याने. उद्यापासून चित्रकला बागवान शिकवतील. जीवशास्त्राचं प्रात्यक्षिक मी घेईन."

"अहो, मला साधा आंबा काढता येत नाही!" बागवान ओरडले.

"म्हणून तर तुम्ही आंबा नीट बघाल. आणि मुलं तुमच्याबरोबर बघतील."

"आणि तुम्ही दोघं यात मुरलात की?" कुलगुरूंनी विचारलं.

"मग आम्हाला तिसऱ्याच विषयावर धाडा. आकडा चढला की बदली."

कुलगुरू खो खो हसले, आणि विषय चालू राहिला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पेटीतली हाताला येईल ती काचपट्टी भिंगाखाली सरकवली. देवकीने वाकून पाहिलं. "बाई, हे काय आहे?"

बाईंनीही पाहिलं, बराच वेळ पाहिलं. हिरवट, काटेरी, कडेला झालर असलेलं काहीतरी.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. वर्गासमोर हे वाक्य त्यांनी जन्मात पहिल्यांदा उच्चारलं होतं.