धुक्यातच बंद पडणारी गाडी

"मला चोर पकडून नकोय," हेल्मेट टेबलावर ठेवत ती म्हणाली. "माझी मोटरसायकल सकाळी सुरू का होत नाही, एवढंच शोधून द्या."

भाऊंना हसू आलं. ताईंना आलं नाही. बावीस वर्षं विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासल्यावर ताईंनी हे तपासाचं ऑफिस थाटलं होतं. भाऊ त्यांचे धाकटे, टपालखात्यातून निवृत्त. बायको गेल्यापासून रिकाम्या घरात करमेना, म्हणून बहिणीच्या मदतीला येऊन बसायचे.

तरुणी हॉस्पिटलात रक्त तपासायची. सातला प्रयोगशाळा उघडणं तिच्याकडे. नवरा दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला. गाडी त्याचीच. आता घरात ती आणि सासरे, दोघंच.

"नेमकं होतं काय?" ताईंनी विचारलं.

"बटण दाबलं की काहीच नाही. आवाज नाही, मीटरवर दिवा नाही, हॉर्नसुद्धा मुका. नऊ-साडेनऊला पुन्हा बघावं, तर शहाण्यासारखी सुरू!"

"रोज?"

"धुकं पडतं त्या दिवशी. मेकॅनिक म्हणतो, वायरिंगमध्ये ओल शिरते. बॅटरी बदलली, सेल्फची मोटर बदलली, फरक शून्य. गंमत म्हणजे गेल्या महिन्यात बारा-तेरा तारखेला समोरचं दिसत नव्हतं, तेव्हा मात्र पहिल्या बटणाला सुरू झाली." तिचा आवाज खाली आला. "आणखी एकदा उशीर झाला तर माझ्या जागी दुसरी बाई घेणार आहेत."

गॅरेजात मेकॅनिक आपल्या म्हणण्यावर ठाम होता. "ओलच आहे, ताई."

ताईंनी गॅरेजातली पाण्याची नळी उचलली आणि सगळ्या वायरिंगवर धरली. मग बटण दाबलं. गाडी लगेच सुरू झाली. मेकॅनिकचा चेहरा पडला.

"ही बंद असताना तुम्ही कधी पाहिलीत?"

"नाही. मी पोचेपर्यंत सुरू झालेली असते."

ताई गाडीभोवती फिरल्या. पुढचा दिवा, हँडल, मडगार्ड नवं. बाकी गाडी जुनी. सगळे स्क्रू गंजलेले, बाजूच्या झाकणाचा एकुलता स्क्रू मात्र घासून लख्ख. झाकणाआडच्या मुख्य फ्यूजच्या प्लॅस्टिकवर समोरासमोर दोन बारीक चरे होते.

"हा फ्यूज तुम्ही काढला होता?"

"जळला नसेल तर कशाला हात लावू?"

"ती सांगत होती, शेजाऱ्याला ही गाडी विकत हवी आहे," तिच्या घरी जाताना भाऊ म्हणाले. "त्याचंच काम."

शेजारी हसला. "हवी तर आहेच. पण मी बेकरीत रातपाळीला. आठच्या आत घरी आलेलं कुणी पाहिलंय मला?" बेकरीच्या मालकाने तेच सांगितलं.

राहिले सासरे. खिडकीशी बसून ते घड्याळं दुरुस्त करत होते. डोळ्याला भिंग, हातात चिमटा.

"सूनबाईला बोलणी खावी लागतात, वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण गाडीतलं मला काय कळतंय? त्यात गेल्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन रात्री दवाखान्यात होतो."

भाऊंचं लक्ष स्वयंपाकघराकडे गेलं. ओट्यावर एक ताट झाकून ठेवलेलं, दुसरं धुऊन पालथं घातलेलं. दोन माणसं, तीही वेगवेगळ्या वेळी जेवणारी. आपलं घर त्यांना आठवलं.

चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन आला. "धुकं आहे. गाडी बंद."

तिच्या घरी पोचताच ताईंनी गाडीचं झाकण उघडून आत पाहिलं आणि सगळ्यांना सासऱ्यांच्या खोलीत नेलं.

"ओलीने प्लगची ठिणगी कमजोर होते," त्या म्हणाल्या. "पण मग इंजिन फिरतं, नुसतं पेट घेत नाही. दिवे, हॉर्न, सेल्फ एकदम मुके होतात ते वीज मुळाशीच तुटली तर. मुख्य फ्यूज आत्ता जागेवर नाही. त्यावर चरे आहेत ते बारीक चिमट्याचे. मेकॅनिकने फ्यूजला हात लावलेला नव्हता, शेजारी कामावर होता. बारा-तेराला धुकं असूनही गाडी सुरू झाली, कारण..." त्या थांबल्या. "बाबा, तेव्हा तुम्ही दवाखान्यात होतात."

म्हाताऱ्याने खिशातून फ्यूज काढून टेबलावर ठेवला.

"एकटं वाटतं म्हणून?" भाऊंनी हळूच विचारलं. "तिने घरी थांबावं म्हणून?"

"नाही हो. सवय झाली आहे एकटेपणाची." त्यांनी भिंग काढलं. "त्या दिवशी असंच धुकं होतं. बॅटरी उतरलेली. पोरगा म्हणाला, राहू दे, आज बसने जातो. मीच म्हटलं, बसने कशाला, मी ढकलतो. कोपऱ्यापर्यंत ढकलली. सुरू झाली. त्याने हात केला आणि धुक्यात गेला."



"गाडीचा पुढचा भाग नवा दिसला तेव्हाच कळायला हवं होतं, अपघात याच गाडीचा," ताई पुटपुटल्या. "कोण ते कळलं. का, ते नाही."

सूनबाई भिंतीला टेकली होती. "बाबा, बॅटरी का उतरली होती, ठाऊक आहे? आदल्या संध्याकाळी गाडी मी आणली होती. चावी चालूच राहिली. दोन वर्षं तुमच्यासमोर जेवायला बसायचा धीर झाला नाही मला."

"मला वाटायचं, माझं तोंड बघायला नको म्हणून तू उशिरा जेवतेस."

भाऊंना तिथे उभं राहवेना. आत जाऊन त्यांनी उगाचच दोन कप विसळले. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"धुकं उठेपर्यंत बस," म्हातारा म्हणत होता. "मग मीच लावून देतो फ्यूज."

"हॉस्पिटलला फोन करते," ती म्हणाली. "खरं काय ते सांगते."