निळा दोरा

ताईची पहिली रात्रपाळी दुसऱ्या दिवशी होती. जेवणं उरकल्यावर आम्ही गच्चीत बसलो होतो. मी, ताई, धाकटा भाऊ आणि मोठे काका. काकू गेल्यापासून काका आमच्याकडेच राहतात. त्यांनी एका दवाखान्यात आयुष्यभर लिफ्ट चालवली. "जितका वर गेलो तितकाच खाली आलो," असं ते स्वतःच म्हणतात. काकूही त्याच दवाखान्यात कामाला होती.

"काय नर्सबाई, भीती वाटते का?" काकांनी विचारलं.

"कशाची? भुतांची?" ताई हसली.

"भुतांचं सोड. एक सांगतो. घडलेलं आहे, माझ्या ओळखीतल्या एका सिस्टरच्या बाबतीत."

धाकटा लगेच माझ्याजवळ सरकला. काका सांगू लागले.

तेव्हा मी रात्रपाळीला असायचो. लिफ्टला काम नसलं की धुतलेल्या चादरींची गाडी ढकलत वॉर्डांमधून फिरायचो. तिसऱ्या मजल्यावर पुरुषांचा वॉर्ड होता. तिथली एक सिस्टर काम करताना सारखी गुणगुणायची, म्हणून आम्ही तिला बुलबुल म्हणायचो. मेट्रनबाई ओरडायच्या, "हा दवाखाना आहे, रेडिओ नाही!" ती तेवढ्यापुरती गप्प व्हायची. बाई वळल्या की पुन्हा सुरू.

त्या वॉर्डात एक म्हातारे शिंपी दाखल झाले. हर्नियाचं ऑपरेशन होतं. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. कानांनी कमी ऐकू यायचं, पण माणूस इतका भिडस्त, की 'काय म्हणालात?' असं कधी विचारायचे नाहीत. कोणी काहीही बोललं की हसून म्हणायचे, "हो हो." चहा झाला का मास्तर? हो हो. बाहेर पाऊस पडतोय का? हो हो. पाऊस कुठला, बाहेर कडक ऊन!

धाकटा खुदकन हसला.

नजर मात्र सुईसारखी. पहिल्याच दिवशी बुलबुलला म्हणाले, "सिस्टर, तुमच्या एप्रनचा खिसा उसवलाय." खरंच उसवला होता. पेन ठेवा, कात्री ठेवा, खालून पडायची. मास्तर म्हणाले, "काढून द्या, आत्ता शिवतो. पण माझ्याजवळ निळाच दोरा आहे."

"निळा? मेट्रनबाई मलाच उसवतील! उद्या पांढरा आणते, मग शिवा."

"हो हो," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन, म्हणून त्या रात्री त्यांना उपाशी ठेवलं होतं. मास्तरांची खाट दारापाशी, तर समोर खिडकीपाशी एक ड्रायव्हर होते. साखरेचा आजार, पायाला जखम. संडास दाराच्या बाजूला. ते म्हणाले, "मास्तर, तुमची खाट देता का मला? तिथपर्यंत लंगडत जाताना जीव जातो." मास्तर उठले, आपली उशी घेतली आणि खिडकीपाशी जाऊन निजले. खाटांवरच्या पाट्या होत्या तिथेच राहिल्या. सिस्टरला सांगायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

थोड्या वेळाने बुलबुल इन्शुलिन घेऊन आली. दिवा मंद. ड्यूटीवर एकटीच, आणि पलीकडे एक पेशंट ओरडत होता. खिडकीपाशी वाकून तिने विचारलं, "ड्रायव्हरकाका ना?"

काका थांबले.

"हो हो," ताई पुटपुटली. ती आता हसत नव्हती.

काकांनी मान हलवली.

उपाशी माणूस. साखरेचा आजार नसलेला. रात्रभर अंगातली साखर उतरत गेली. सगळ्यांना वाटलं, झोपलेत. सकाळी ऑपरेशनला न्यायला उठवलं, तेव्हा...

चौकशी झाली. बुलबुलला काही महिने घरी बसवलं. त्यानंतर दवाखान्यात प्रत्येकाच्या मनगटाला नावाची पट्टी बांधू लागले. ती मास्तरांच्या घरीही जाऊन आली. त्यांच्या सुनेने पाणी दिलं आणि एक शब्दही न बोलता समोर बसून राहिली. बुलबुल म्हणायची, त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कामावर परत आली, पण गुणगुणणं संपलं होतं. औषध द्यायच्या आधी पेशंटला त्याच्याच तोंडून नाव सांगायला लावायची. 'तुम्ही अमुकच ना?' असं चुकूनही म्हणायची नाही. खिसा मात्र उसवलेलाच ठेवला. कोणी शिवून घे म्हणालं, की ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

"का?" मी विचारलं.

"ते विचारायची हिंमत तेव्हा माझ्यात नव्हती, बाळ."

मग आली ती रात्र. डिसेंबरातला शेवटचा रविवार. बाराला थोडी मिनिटं कमी होती. मी चादरींची गाडी लिफ्टमध्ये घातली, तेवढ्यात ती आत आली. खिशातून कात्री खाली पडली. मी उचलून दिली. म्हणाली, "आज शेवटची रात्र. सकाळी मेट्रनबाईंना सांगणार आहे. माझ्या हातांचा मलाच भरवसा राहिला नाही." तिसरा मजला आला. ती उतरली.

पुढचं तिने मला सकाळी सांगितलं.

खिडकीपाशी तेव्हा एक गवंडी होता. पंधरवडा त्याच खाटेवर. तोही साखरेचाच पेशंट. दुखण्याने दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. ती बाराचं इन्शुलिन घेऊन गेली, तर तो डोक्यावरून चादर ओढून गाढ झोपलेला. तिला वाटलं, आत्ता कुठे डोळा लागलाय. नाव विचारायला कशाला उठवायचं? ओळखीचाच तर माणूस.

तिने चादरीची कड सारली. दंड तेवढा मोकळा केला, मनगट चादरीखालीच राहिलं. सुई टेकवणार...

"सिस्टर, नाव नाही विचारलंत?"

मागून. आवाज जरा मोठा. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसा.

मागे दाराच्या बाजूची खाट, मास्तरांची. ती संध्याकाळपासून रिकामी होती.

तिला वळवेना. हात तसाच.

पुन्हा काही नाही... नुसती शांतता. कोणीतरी उत्तराची वाट पाहत असल्यासारखी.

तिने ओठ हलवले. "तुमचं... तुमचं नाव काय?"

आणि उत्तर आलं. स्वतःचं नाव. वडिलांचं नाव. आडनाव. सावकाश, एकेक शब्द टाका घातल्यासारखा.

ती रडू लागली. "मास्तर... मी तेव्हा विचारलं असतं तर..."



कमरेपाशी काहीतरी ओढलं गेलं. हलकेच. मग सैल झालं. मग पुन्हा ओढलं गेलं.

एवढ्यात संडासाचं दार वाजलं. भिंत धरत धरत गवंडी बाहेर आला. म्हणाला, "अहो सिस्टर, काय करताय? तो माझा भाऊ आहे! सोबतीला आलाय. दिवसभर उपाशी होता, जरा आडवा हो म्हटलं माझ्या जागेवर."

गच्चीत ताईने गुडघे पोटाशी घेतले होते.

"तुम्ही कुठे होतात तेव्हा?" तिने विचारलं.

"गाडी घेऊन वॉर्डाच्या दारात. तिने नाव विचारलेलं मी ऐकलं. उत्तर... नाही ऐकलं."

"आणि ती गेली मेट्रनबाईंकडे?"

"नाही. निवृत्त होईपर्यंत काम केलं तिने. नव्या मुली आल्या की पहिल्याच दिवशी सांगायची, खाट म्हणजे माणूस नव्हे, ओळखीचा असला तरी उठवा आणि विचारा."

"थापा!" धाकटा म्हणाला, पण त्याने माझा हात घट्ट धरला होता.

काका उठून खाली गेले. परत आले तेव्हा हातात घडी केलेला पांढरा एप्रन होता. ताईच्या मांडीवर ठेवत म्हणाले, "उद्या हा घालून जा."

ताईने घडी उलगडली. "हा तर काकूचा!"

काकांनी एप्रनची कड सरळ केली. मी आठवून पाहत होते. काकूला गुणगुणताना मी कधीच ऐकलं नव्हतं.

"सकाळी लिफ्टमध्ये तिने खिशात कात्री ठेवली," काका हळू आवाजात म्हणाले. "ती पडली नाही. रात्रभर एप्रन तिच्या अंगावरच होता."

मी मोबाइलचा उजेड खिशावर धरला. बारीक, सारखे टाके. निळे. इतकी वर्षं टाके सुटले नव्हते, म्हणजे आत गाठ हवीच; बोट घालून मी ती शोधली. कापड उलटं केलं. पुन्हा शोधली.

दोऱ्याला गाठ कुठेच नव्हती.