कवटीतलं रस्ता रुंदीकरण

शर्वीच्या कवटीत रस्ता रुंदीकरणाचं काम चालू होतं. बाहेरून काही कळत नव्हतं. धूळ नव्हती, ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असा फलकही नव्हता. सात वर्षांची पोर मिरजेच्या अस्थिवेध केंद्रातल्या खाटेवर मांडी घालून खिडकीकडे तोंड करून बसली होती. शेजारी तिचे वडील, सुबराव इंगवले, बाहेरचं धावतं वर्णन करत होते.

“म्हैस डाव्या बाजूनं आत येतेय. रिक्षावाल्याचा अंदाज साफ चुकलेला आहे. आणि म्हशीनं जागा सोडायला नकार दिलाय, मंडळी.”

सुबरावांचा धंदाच तो. तासगावपासून जतपर्यंत टेनिस बॉल क्रिकेटचं कुठलंही मैदान असो, माईक त्यांच्या हातात. पंचगिरी आता ड्रोन करायचे, धावा यंत्र मोजायचं. पण झेल सोडणाऱ्याच्या सासुरवाडीचा नावानिशी उद्धार करणं अजून कुठल्या यंत्राला जमलं नव्हतं. घरीही माईक बंद नसे. त्यांची बायको उज्ज्वला लग्नानंतर फारशी बोललेली नाही, असं शेजारी म्हणत. तिला संधीच मिळाली नव्हती.

हाड म्हणजे दगड नव्हे. ते रोज थोडं खाल्लं जातं आणि रोज थोडं बांधलं जातं. शर्वीच्या शरीरात बांधणाऱ्या पेशी इमानदारीत कामावर होत्या, खाणाऱ्या मात्र जन्मापासून संपावर. त्यामुळे तिची हाडं दाट होत होत संगमरवरासारखी झाली होती, आणि संगमरवरासारखीच पटकन तडकतही होती. खरा घोटाळा कवटीत होता. डोळ्यांच्या आणि कानांच्या नसा कवटीतल्या अरुंद बोगद्यांमधून मेंदूकडे जातात. हाड चढलं की बोगदा आवळतो, आतली नस चेपते. शर्वीची नजर अंधूक होत चालली होती. कान अजून ठीक होते, पण रांगेत होते.

यावर डॉ. तहसीन मुजावर यांनी वेधपेशी तयार केल्या होत्या. म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या हाडखाऊ पेशीच, फक्त दिशा कळणाऱ्या. नसांमधून विजेचे बारीक संदेश धावत असतात. ज्या नसेत ते जास्त, तिकडे वेधपेशी सरकतात, तिचा बोगदा कोरतात, आणि काम पुरं झालं की आतून अस्तर देतात. मग तिथे हाड पुन्हा चढत नाही.

“थोडक्यात, जिथे वर्दळ तिथे रुंदीकरण,” मॅडमनी सोपं करून सांगितलं होतं.

“आमच्याकडे जिथे आमदाराचा प्लॉट तिथे असतं,” सुबराव म्हणाले होते.

पेशी एकदाच टोचता येत. दुसऱ्या वेळी शरीर त्यांना ओळखून मारून टाकतं. महिना-दीड महिन्याच्या त्यांच्या आयुष्यात एकाच जोडीचे बोगदे धड होतात, म्हणून डोळ्यांना काम द्या, दिवसभर काहीतरी दाखवत राहा, असं मॅडमनी बजावलं होतं. कानांचं त्या काही बोलल्या नव्हत्या. दाखवता दाखवता माणूस किती बोलू शकतो, याचा त्यांना अंदाज नव्हता.

त्या दिवशी मॅडम आल्या त्या चेहरा पाडून. खाटेशेजारच्या पडद्यावर शर्वीच्या कवटीचा नकाशा होता, आणि हिरवे ठिपके, म्हणजे वेधपेशी, सगळे कानांपाशी जमले होते. डोळ्यांचे बोगदे होते तसेच. मॅडमनी विचारलं, नक्की दाखवता कसं? सुबरावांनी लगेच करून दाखवलं. म्हशीपर्यंत आल्यावर मॅडमना हसू आलं. मग त्या खिडकीशी गेल्या आणि हसू मावळलं. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती. करडी.

“इथे म्हैस कुठे आहे?”

“भिंतीचं किती वेळ वर्णन करणार, मॅडम?”

“इंगवले, तुम्ही दाखवत नव्हतात. सांगत होतात.”

सुबराव खाली बसले. मॅडमनी पुढचं शांतपणे समजावलं. पेशींचे थोडे दिवस उरलेत. आतापासून खोलीत शांतता ठेवली, तर त्या तासाभरात डोळ्यांकडे वळतील. पण कानांचं काम अर्धवट आहे, अस्तर पडलेलं नाही. ते सोडलं तर कान मिटत जातील. असंच बोलत राहिलं तर कान कायमचे राहतील आणि डोळे जातील.

“तुमची स्वतःची पोरगी असती तर?” सुबरावांनी विचारलं.

“बहुतेक आईबाप डोळे म्हणतील.”

“बहुतेक बाप समालोचक नसतात.”

उज्ज्वला इतका वेळ कोपऱ्यात उभी होती. ती म्हणाली, “तिलाच विचारा की.”

सुबरावांनी विचारलं. नाणेफेक जिंकल्यावर कप्तानाला विचारतात तसं: डोळे घेणार का कान? शर्वीनं बराच विचार केला.

“मला भिंतच दिसत होती, पप्पा. तीपण पुसट.”

“मग बोलली का नाहीस?”

“म्हैस चांगली चालली होती.” मग ती म्हणाली, “डोळे गेले तर तुम्ही सांगाल काय चाललंय ते. कान गेले तर कोण सांगणार?”

मॅडम म्हणाल्या की ती सात वर्षांची आहे, ठरवायचं आईबापांनी. उज्ज्वलानं नवऱ्याकडे बघितलं. सुबरावांनी तोंड उघडलं. बोलत राहिले असते तर कान वाचले असते; नुसतं ‘डोळे’ म्हणाले असते तरी निर्णयातून सुटले असते. पण भर मैदानात वीज जावी तसा आवाज गेला होता. कधी नव्हे ते त्यांना काही सुचेना. घड्याळ चालत होतं, आणि सुबराव अजून ठरवतच होते.

पडद्यावरचा एक हिरवा ठिपका कानापासून सुटला. मग दुसरा.

खोलीत आवाज असा नव्हताच. शर्वी पप्पांच्या ओठांकडे डोळे ताणून बघत होती, आता काहीतरी येईल म्हणून. पेशींना तेवढी वर्दळ पुरेशी होती.